न म्हटलेलं शील

प्रभावतीबाई नगराळे बाजारात शिरल्या की भाजीवाले आपणहून तराजू सरळ धरायचे. भीतीनं म्हणा, लोभानं म्हणा, पण धरायचे. दक्षिण दिल्लीतल्या त्या सरकारी क्वार्टरांच्या वस्तीत त्यांना सगळे 'नागपूरवाली आंटी' म्हणत. बाई नागपूरच्या नव्हत्याच, हिंगणघाटच्या. पण दिल्लीवाल्याला महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूर याखेरीज तिसरं गाव ठाऊक नसतं, आणि एकेकाला भूगोल शिकवत बसायला बाईंना सवड नव्हती.

उंची बेताची, आवाज मात्र बेताचा नाही. ऐन विशीत पत्र्याची ट्रंक घेऊन एकट्या दिल्लीला आल्या, एका मंत्रालयात टायपिस्ट म्हणून. निघताना वडील म्हणाले होते, "पोरी, बाबासाहेबांनी शिकायला सांगितलं, दिल्लीला जायला नाही." बाई म्हणाल्या, "मग ते स्वतः कुठं होते?" वडिलांनी ट्रंक उचलून स्टेशनवर नेऊन दिली.

हिंदी त्यांची स्वतःची होती. अर्धी ऑफिसातून उचललेली, अर्धी घरी शिवलेली. पण राग आला की ती सगळी गळून पडायची आणि खाली खणखणीत वऱ्हाडी मराठी निघायची. एकदा बसमध्ये कंडक्टरनं सुटे नाहीत म्हणून पैसे दाबले. बाईंनी त्याला असं काही सुनावलं, की अक्षर न कळताही मागच्या सीटवरचे सरदारजी म्हणाले, "दे दे यार, माताजी शाप दे रही हैं." त्यानं दिले.

नवरा बाबुराव. सरकारी छापखान्यात होते. लोकांचे शब्द जन्मभर जुळवले, स्वतःचे मात्र रेशनवर मिळाल्यासारखे जपून वापरायचे. दोघांचं छान जमायचं. बाई बोलायच्या, बाबुराव चहा करायचे.

आता सरकारी क्वार्टर म्हणजे उसनं घर. सगळं आयुष्य त्यात जातं, पोरं त्यात जन्मतात, दाराशी लावलेला कढीपत्ता छपरापर्यंत पोचतो, आणि रिटायर झालात की काही महिन्यांत किल्ली द्या. म्हणून त्या वस्तीत पन्नाशी गाठलेला प्रत्येक माणूस एकाच प्रश्नावर झोपायचा आणि त्याच प्रश्नावर उठायचा: पुढं कुठं? गावाकडं घर भावानं घेतलेलं, दिल्लीत जागा घ्यायची ऐपत नाही. अशात नव्वदीची ती वर्षं आली. मारुत्या वाढल्या, टीव्हीवर चॅनेलं वाढली आणि दिल्लीच्या चारी बाजूंच्या शेतांना एकाएकी 'एनसीआर' म्हणू लागले. भिंत दिसली की तिच्यावर जाहिरात: प्लॉट, प्लॉट, प्लॉट. यमुनेपलीकडं, हिंडन नदीपलीकडं, गाझियाबादकडं. काल जिथं ऊस होता तिथं आज सेक्टर. माणसं एकमेकांना 'कसे आहात' विचारायच्या आधी 'कुठं बुक केला' विचारायची.

या गर्दीत आपलाही एक माणूस निघाला. बळवंत पाझारे.

बळवंत विम्याचा एजंट. गोरटेला, सफारीतला, कमरेला पेजर. पण त्याचा खरा दागिना म्हणजे आवाज. वस्तीच्या मागं एक छोटं विहार होतं, मैत्री बुद्ध विहार. विदर्भ-मराठवाड्याकडची सगळी नोकरदार मंडळी रविवारी तिथं जमायची. तिथं बळवंतनं त्रिशरण म्हटलं की बायका डोळे पुसायच्या. जयंतीची मिरवणूक काढायची, बळवंत. कुणाच्या घरी मयत, बळवंत. पोराला शाळेत घालायचंय, बळवंत. असा माणूस म्हणाला, "आपल्या समाजाची कॉलनी करू. गाझियाबादला जमीन बघून ठेवलीय. मध्ये विहार, भोवती आपली घरं," तर कोण नाही म्हणेल? मी-मी म्हणणारे सेक्शन ऑफिसर बळी पडले, तिथं टायपिस्टाचं काय!

एकच अडचण होती. सोसायटी अजून रजिस्टर नव्हती. बळवंत म्हणाला, लखनौहून कागद यायचाय, तोवर विहाराच्या पावतीपुस्तकावर पावत्या देतो. हप्ता रविवारी वंदनेनंतर बुद्धमूर्तीपुढं ठेवायचा, म्हणजे सगळ्या समाजादेखत. पावतीवर वर छापलेलं होतं 'धम्मदान', खाली अध्यक्षांची सही आणि विहाराचा शिक्का. लोकांना यात खोट दिसली नाही. उलट बरंच वाटलं. बुद्धापुढं ठेवलेला पैसा कोण खाईल? दुसऱ्या कुणा समाजाच्या माणसांनी आधी वकील गाठला असता. आमच्या माणसांनी हात जोडले.

आणि सभासद गोळा कुणी केले? प्रभावतीबाईंनी. हिवाळ्यात दिल्लीच्या सरकारी ऑफिसांत जेवणाच्या सुट्टीत बायका लॉनवर येतात. पाठीला ऊन, हातात सुया-लोकर, पुढ्यात शेंगदाणे. बाईंनी त्या लॉनवर एकीकडं बाबुरावांच्या स्वेटरची बाही विणली आणि दुसरीकडं अख्खी कॉलनी वसवली. "अगं, भरून टाक. तुझ्या नवऱ्याला विचारत बसलीस तर त्याच्या पेन्शनीपर्यंत उत्तर यायचं नाही."

त्यांनी हाताला धरून नेलेली एक होती शेवंता थूल. मागच्याच ब्लॉकात राहायची, सरकारी दवाखान्यात आया. यवतमाळकडची. नवरा त्याच दवाखान्याची गाडी चालवायचा. चालवता चालवताच त्याच्या छातीत कळ आली. त्यानं आधी गाडी कडेला लावली, ब्रेक ओढला आणि मग मान टाकली. हे शेवंता फार अभिमानानं सांगायची, "आत पेशंट होता न माय, त्याले धक्का नाही लागू देल्ला." त्या नवऱ्याचे मिळालेले सगळे पैसे तिनं रुमालात बांधून आणले आणि मूर्तीपुढं ठेवले. एकरकमी. हप्त्याची भानगडच नको म्हणून.

बळवंतनं एकदा बस करून सगळ्यांना जागा दाखवायला नेलं. मोहरीचं शेत, त्यात चुन्याच्या रेघा. प्रत्येक कुटुंब आपापल्या चौकोनात उभं राहिलं आणि फोटो काढले. शेवंतानं आपल्या चौकोनात तीन विटा मांडून चहा केला आणि सगळ्यांना पाजला, "या, माझ्या घरी पहिल्यांदा आल्या तुम्ही." प्रभावतीबाई तिथं हसल्या होत्या. पुढं कित्येक वर्षं ते हसू आठवलं की त्या ताट बाजूला सारायच्या.

कारण शेत कुणा चौधरीचं होतं. त्यानं ते विकलंही नव्हतं आणि विकायचा त्याचा विचारही नव्हता. एक दिवस चुना मारायचं भाडं तेवढं त्यानं घेतलं होतं.

पुढची गोष्ट सांगायला लागलो तर बाईंच्या चपलांचा हिशेब सांगावा लागेल, इतक्या झिजल्या. बळवंतनं आधी तारखा दिल्या, मग फोन उचलणं सोडलं, मग वस्ती सोडली. गाझियाबादेत त्यानं स्वतःसाठी मात्र फ्लॅट घेतला, अगदी खराखुरा, बाल्कनीवाला. बाईंनीच तो शोधून काढला. तक्रार त्यांनी लिहिली, टाइपही त्यांनीच केली. ठाण्यातला मुन्शी म्हणाला, "मैडम, आपस में बैठ के सुलटा लो, आपके ही बिरादरी का है." बाई म्हणाल्या, "बिरादरी का है इसलिए तो आई हूँ. पराये का मैं घर में निपटाती." तक्रार लिहून घेतली गेली. मग तारखा, बदललेले साहेब, हरवलेली फाइल, सापडलेली फाइल. रजा संपल्या, अर्धपगारी रजा संपल्या. दर तारखेला बाबुराव डबा करून द्यायचे आणि दारातून एवढंच म्हणायचे, "कुणाला मारू नको."

शेवंता एकदाही बोल लावायची नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बाईंना बरं वाटलं असतं. ती म्हणायची, "जाऊ दे न प्रभाबाई. भगवंतापुढं ठेवले होते, दान झालं समजाचं." आणि तिकडं तिची रिटायरमेंट जवळ येत चाललेली. मूलबाळ नाही, गावाकडं कुणी नाही. 'पुढं कुठं' या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तरच नव्हतं, आणि ते उत्तर आपण तिच्याकडून रुमालासकट काढून घेतलं असं प्रभावतीबाईंच्या मनानं घेतलं होतं. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो, शेवंताचे पैसे तिच्या हातात पडले पाहिजेत. एवढ्यासाठी बाई लढत होत्या. समाज, न्याय वगैरे मोठे शब्द त्या फक्त साहेबांपुढं वापरायच्या.

शेवटी एकदाचा निकाल लागला. बळवंत पाझारे दोषी. कोर्टाच्या आवारात बाईंनी पेढे वाटायला घेतले, तर त्यांच्या वकिलानं, त्यागीजींनी, हात धरला. त्यागीजी म्हणजे पानाचा तोबरा आणि दोन खटल्यांच्या मधे झोप काढणारा माणूस, पण डोकं सुरीसारखं.

"मैडम, मिठाई रुकिए. दोषी हुआ है, सजा नहीं हुई. दस दिन बाद सजा पर सुनवाई है. जज साहब पूछेंगे कि कितनी सजा दें, और किसको कितना मुआवजा दिलवाएँ."

"किसको म्हणजे? सबको!"

"जिन्होंने चेक से दिया, उनको मिल जाएगा. वो सात-आठ लोग हैं. बाकियों की पर्ची पर क्या लिखा है, पढ़िए."

बाईंना वाचायची गरज नव्हती.

"सामनेवाला यही कहेगा," त्यागीजी पान थुंकून म्हणाले. "ये तो श्रद्धा से दिया दान है, हुजूर. मंदिर में चढ़ाया हुआ कोई वापस माँगता है? और मैडम, बात में दम है. जब तक आपके विहार का प्रधान खुद आके न बोले कि ये किताब मैंने उसको कोरी दी थी और ये पैसा विहार में नहीं आया."

विहाराचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष, अण्णासाहेब धाबर्डे.

अण्णासाहेबांबद्दल वाईट बोलायला जीभ वळत नाही. एका पत्र्याच्या शेडचं विहार त्यांनी विटेविटेनं उभं केलं. पगाराच्या दिवशी ऑफिसच्या दारात पेटी घेऊन उभे राहायचे. रिटायर झाल्यावरही पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट, खिशाला पेन. बळवंतचं प्रकरण सुरू व्हायच्या आधी ते मुलीच्या लग्नाला दोन महिने गावी गेले होते. मागं वर्गणीची अडचण नको म्हणून अख्ख्या पावतीपुस्तकावर आधीच सह्या करून ते बळवंतच्या हाती देऊन गेले. आपलाच पोरगा! परत आल्यावर पुस्तक मागायचं राहिलं. आणि बळवंतनं मूर्तीखाली संगमरवरी चौथरा करून दिला, तेव्हा तो कशाच्या पैशातून, हेही विचारायचं राहिलं.

बाई त्या संध्याकाळी त्यांच्याकडं गेल्या. अण्णासाहेबांनी पाणी दिलं, खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रभावतीबाई, माझ्या तोंडून विहाराचं नाव कोर्टात निघणार नाही."

"नाव निघालंय, अण्णासाहेब. प्रत्येक पावतीवर छापलेलं आहे."

"लोक काय म्हणतील? यांची विहारं म्हणजे लुबाडायची दुकानं. आधीच कमी बोलतात का? आणि नोटीस आली, विहाराला सील लागलं तर? दान आहे म्हणतायत तर असू दे दान. समाज सोसेल."

"समाज म्हणजे कोण? शेवंता? सगळा समाज तिनं एकटीनं सोसायचा का?"

"दिलेलं दान परत मागू नये," अण्णासाहेब उठले. "शेवंताबाईंना मी तसं सांगितलंय. त्यांना पटलंय."

हे मात्र बाईंना नवीन होतं. तरीच शेवंता 'दान झालं' म्हणायची! बाई ताडताड घरी आल्या. आल्या आल्या बाबुरावांना म्हणाल्या, "रविवारी मी विहारात बोलणार आहे."

बाबुरावांनी चहाचं पातेलं उतरवलं. "वंदना झाल्यावर बोल."

"बघू."

"प्रभा, वंदना झाल्यावर."

"बघू म्हटलं ना!"

रविवारी विहार भरलेलं होतं. हिवाळ्याची सकाळ, सगळे शालीत. शेवंता बायकांच्या पुढच्या ओळीत. अण्णासाहेब मूर्तीजवळ हात जोडून उभे, चौथऱ्यावर मेणबत्त्या. त्यांनी म्हणायचं, मागून सगळ्यांनी. त्रिशरण झालं. पंचशील सुरू झालं. पहिलं शील झालं, जीव घेणार नाही. दुसरं, न दिलेलं घेणार नाही. तिसरं झालं.

"मुसावादा..." अण्णासाहेबांनी चौथं उचललं. खोटं बोलणार नाही, हे ते चौथं.

"थांबा, अण्णासाहेब."

हात जोडलेलेच होते बाईंचे. डोळेही मूर्तीकडंच. "हे शील तुम्ही आज म्हणू नका. उरलेले म्हणतील."

विहारात असं कधी झालं नव्हतं. कुणीतरी पोराच्या तोंडावर हात ठेवला. मागून एक जण ओरडला, "बाई, खाली बसा!"

"बसलेच आहे! गुडघे मोडलेत तरी बसलेय!"

"वंदना चालू आहे, प्रभावतीबाई," अण्णासाहेबांचा आवाज चिरका झाला.

"म्हणून तर आत्ता बोलतेय. एरवी तुम्ही मोठे, तुम्हाला उलट बोलणं शोभत नाही मला. पण याच्यापुढं उभं राहून तुम्ही म्हणणार की मी खोटं बोलणार नाही, आणि सगळ्यांना म्हणायला लावणार, आणि कोर्टात गप्प राहून ते पैसे दान होते असं ठरू देणार? गप्प बसणं खोटं नाही का? नसेल तर म्हणा. मी पण म्हणते तुमच्यामागं."

अण्णासाहेबांनी तोंड उघडलं. 'मुसावादा' एवढाच शब्द पुन्हा आला आणि पुढं काही येईना. माणूस कोसळतो की काय असं वाटलं. वेळ लांबत चालला, तेव्हा बायकोची लाज म्हणा, अण्णासाहेबांची कणव म्हणा, जन्मात कधी चारचौघांत पहिला शब्द न काढलेल्या बाबुरावांनीच मागून घोगऱ्या आवाजात पाचवं शील सुरू केलं. दारू पिणार नाही. सगळ्यांनी सुटका झाल्यासारखं ते उचलून धरलं.

त्या रविवारी मैत्री विहारात चार शीलं म्हटली गेली. चौथं कुणीच म्हटलं नाही.

बाहेर खीर वाटत होते. बाईंच्या द्रोणात कुणी वाढली नाही. ज्या बायकांना त्यांनी लॉनवर लोकरीचे टाके शिकवले होते त्यांनी पाठ केली. "मूर्तीसमोर असं? बाईमाणसानं?" शेवंता तर रडतच निघून गेली. जाताना म्हणाली, "माझ्यापायी म्हाताऱ्या माणसाले असं लाजवलं तुम्ही. मले नाही पाहिजे ते पैसे."

घरी बाईंनी कणीक अशी तिंबली की परात वाजायला लागली.

"मी चुकले का?"

बाबुराव म्हणाले, "नाही. जागा चुकली."

"जागा? पैसे कुठं ठेवले होते लोकांनी? पोस्टात?" आणि मग पहिली पोळी तव्यावर जळत असताना बाई ओट्याला टेकून रडल्या. बाबुरावांनी गॅस बंद केला. पोळी त्यांनीच खाल्ली.

सुनावणीच्या दिवशी बाई गाझियाबादला एकट्याच निघाल्या. कोर्टाच्या व्हरांड्यात बळवंत उभा होता, दाढी वाढलेला, सफारी लोंबणारी. बाईंना बघून त्यानं वाकायला घेतलं. "ताई, घरी म्हातारी आई आहे. तुम्ही साहेबांना दोन शब्द बोललात तर..."

या पोरानं बाईंच्या थोरल्या मुलीच्या लग्नात फुलं वाटली होती. मंगल गाथा म्हटली होती.

"ताई म्हणू नको मला. आधी शेवंताचे पैसे टाक, मग म्हण. मग दोन नाही, चार शब्द बोलेन."

आत आरोपीच्या वकिलानं त्यागीजींनी सांगितलं होतं तेच सांगितलं. चेकवाल्यांचे पैसे माझा अशील टप्प्याटप्प्यानं देईल, हुजूर, शिक्षेत दया व्हावी. बाकीचं दान आहे. श्रद्धेचा विषय आहे. त्यानं पावती वाचून दाखवली, शिक्क्यासकट. जजसाहेब तरुण होते, चष्मा पुसत होते. त्यांनी त्यागीजींकडं बघितलं. त्यागीजींनी बाईंकडं बघितलं. बाईंनी पायाकडं बघितलं.

"साहब, वो दस्तखत मेरे हैं."

दारात अण्णासाहेब होते. पांढरा शर्ट, वर कोट, खिशाला पेन. दोन बसेस बदलून आले होते, धाप लागली होती. आणि त्यांच्या कोपराला धरून शेवंता. पुढं कळलं, आदल्या संध्याकाळी ते स्वतः तिच्या दारात गेले होते आणि म्हणाले होते, "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ते दान नव्हतं. उद्या मला धरून न्या, मला रस्ता ओलांडायची भीती वाटते."

जजसाहेबांनी त्यांना पुढं बोलावून शपथ दिली. अण्णासाहेबांची हिंदी ऑफिसातली, फायलीसारखी. "किताब कोरी थी. दस्तखत पहले कर दिए थे. मैं गाँव गया था. ये पैसा विहार की तिजोरी में कभी जमा नहीं हुआ. लोगों को मकान बोलके लिया गया, सब के सामने."

आरोपीचा वकील उसळला. "कोरी किताब पर दस्तखत? तो आप भी शामिल थे?"

"मूर्ख था, साहब," अण्णासाहेब म्हणाले. "उसकी कोई दफा हो तो लगा दीजिए."

कुणीतरी हसलं. जजसाहेब हसले नाहीत. अण्णासाहेबांचं अजून संपलं नव्हतं. "और एक संगमरवर का चबूतरा इसने विहार में बनाया. वो भी इन्हीं लोगों का पैसा होगा. हम लौटाएँगे. मेरी पेन्शन से कटे तो भी चलेगा." जजसाहेब म्हणाले, विहार आरोपी नाही, आपण बसा. अण्णासाहेब बसले, ते नेमके प्रभावतीबाईंच्या शेजारी. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. पण बाईंनी पर्समधून पाण्याची बाटली काढून मधे ठेवली आणि ती अण्णासाहेबांनी उचलली.

दुपारी हुकूम झाला. बळवंतला तीन वर्षं कैद. त्याचा जप्त केलेला फ्लॅट विकून येईल ती रक्कम सगळ्या फसवलेल्यांना, ज्याचं जेवढं गेलं त्या मानानं. चेकवाले आणि पावतीवाले असा भेद नाही. बळवंत मान खाली घालून पोलिसांबरोबर गेला. बाईंनी ठरवलं होतं की त्या क्षणी खूप आनंद करायचा. जमलं नाही. त्याच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता, तेच बघत राहिल्या.

शेवंता मात्र कोर्टाच्या पायरीवर बसकण मारून म्हणाली, "खीर नाही भेटली त्या दिवशी तुम्हाले. मी करून आणली आहे." आणि पिशवीतून डबा काढला.

पण कोर्टाचा हुकूम वेगळा आणि हातातला पैसा वेगळा. फ्लॅटच्या लिलावाला वेळ लागला. मधल्या काळात शेवंता रिटायर झाली आणि क्वार्टरची किल्ली द्यायची वेळ आली. प्रभावतीबाईही तोवर रिटायर होऊन गाझियाबादेत वसुंधरा नावाच्या भागात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहात होत्या. त्यांनी शेवंताला विचारलं नाही. टेम्पो घेऊन गेल्या आणि तिची कपाटं चढवली.

मग दोघी एका स्वयंपाकघरात. शेवंता तिखट घालायची तर बाई म्हणायच्या, "बाबुरावांचं पोट आहे ते, चूल नाही." बाई टीव्हीवर बातम्या लावायच्या तर शेवंता म्हणायची, "दिवसभर भांडता, रात्री दुसऱ्याचं भांडण बघता." कपडे कुणी वाळत घालायचे, गॅसचा नंबर कुणी लावायचा, सगळ्यावरून तंटा. बाबुराव दोघींचा चहा करायचे आणि पेपर उलटा धरून बसायचे. बाई दर पंधरवड्याला कोर्टात जाऊन कारकुनाचं डोकं खायच्या, "हमारी शेवंता का क्या हुआ?" कारकून त्यांना बघितलं की टेबलाखाली पेन शोधायला लागायचा.

आणि एक दिवस चेक आला. पूर्ण रक्कम नव्हे, रुपयामागं बारा आणे म्हणा. पण शेवंताच्या नावाचा, सरकारी, शाईतला. जवळच्याच एका वसाहतीत एक खोली, मोरी आणि पुढं हातभर गच्ची एवढं त्यात बसत होतं. शेवंतानं चेक दोन्ही हातांत धरला आणि मग रुमालात बांधला.

त्या दिवशी प्रभावतीबाई रागावल्या. कशावर ते कुणालाच कळेना. आधी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून, मग शेवंतानं सकाळी देठ नीट मोडले नाहीत म्हणून.

"आता जाशील तू," शेवटी बाहेर पडलं.

"मंग? पैसे कशाले आणले मले इतकं भांडून?"

"भांडले, माझी हौस. कुणी लगेच जा म्हटलं?"

"लगेच कुठं जाते? रंग मारायचा आहे, पाणी यायचं आहे."

"एकटी राहशील. रात्री छातीत दुखलं तर?"

"तर काय, ब्रेक ओढीन," शेवंता म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या, आणि मग हसता हसताच प्रभावतीबाईंनी पदर डोळ्याला लावला. बाबुराव आतून म्हणाले, "चहा टाकू?"

"टाका," बाई म्हणाल्या. "तीन कप. आणि हिला सांगा, रंग पिवळा नको. मला डोळ्याला लागतो."

"घर माझं हाय, प्रभाबाई."

"मग? येणार तर मीच आहे ना रोज!"